रिकाम्या नळाची खेच

(अभियंता दिनानिमित्त धुळे येथे झालेल्या स्मृतिव्याख्यानाचे शब्दांकन)

आज काहींच्या गल्लीत पाण्याचा दिवस असूनही इथे आलेल्या मित्रहो,

विश्वेश्वरय्यांच्या स्मरणार्थ बोलायचे म्हणजे खडकवासल्याचे स्वयंचलित दरवाजे, कृष्णराजसागर, म्हैसूरची दिवाणगिरी, असा एक ठरलेला रस्ता आहे. आज मी त्या रस्त्याने जाणार नाही. म्हैसूरचे होण्याच्या कितीतरी आधी ते आपल्याकडचे होते. पुण्यात अभियांत्रिकीचे शिक्षण संपवून १८८४ मध्ये ते मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात सहायक अभियंता म्हणून लागले, आणि नोकरीच्या अगदी सुरुवातीलाच त्यांच्याकडे खानदेशातले एक काम आले. साक्री तालुक्यातल्या दातर्तीजवळ पांझरेच्या एका पाटासाठी नळाचा सायफन बांधायचा होता. पाटाचे पाणी नळात शिरते, खाली उतरते, ओलांडायच्या पात्राच्या तळाखालून जाते आणि पलीकडे पुन्हा वर चढते. मध्ये पंप नाही, इंजिन नाही. अलीकडची पातळी पलीकडच्यापेक्षा जराशी उंच, एवढ्या भांडवलावर सगळे चालते.

पाण्याला वरखाली कळत नाही, दाब कळतो. जास्त दाबाकडून कमी दाबाकडे ते जाणार. नळ आपण कोणत्या हेतूने टाकला आहे हे ते विचारत नाही. दातर्तीला हा नियम हाताशी धरून शेते भिजवली. तोच नियम आपल्या घरातल्या नळात, आपण पाठ फिरवली की, उलटा चालतो. नळातून घरात आलेले पाणी, घरातली घाण घेऊन, परत नळात जाते. आज मी एवढ्याच गोष्टीवर बोलणार आहे. विषय लहान वाटेल, पण दर उन्हाळ्यात आणि पहिल्या पावसात दवाखान्यांत जी गर्दी होते, तिच्यातला काही भाग या लहान विषयाचा आहे.

आपल्याकडे पाण्यावर बोलणारे कमी नाहीत. धुळ्यात तापी योजना, नकाणे आणि डेडरगाव तलाव, आता अक्कलपाडा, जळगावात वाघूर. धरण किती टक्के भरले हे चहाच्या टपरीवर कुणालाही विचारा, आकडा मिळेल. शुद्धीकरण केंद्रावर तुरटी संपली तर बातमी होते. पण रस्त्यातल्या मुख्य वाहिनीवरच्या फेरूलपासून, म्हणजे घरजोडणीच्या तोंडापासून, आपल्या स्वयंपाकघरातल्या तोटीपर्यंत जो अर्धा इंची पाइप येतो, त्याच्याकडे कुणी पाहत नाही. महापालिका म्हणते, ते तुमचे. आपण म्हणतो, पाणी तुमचे. मधला पाइप बेवारस.

आता हा पाइप दिवसभर काय करतो ते पाहू. पाणी दोन दिवसांआड येते, कुठे चार दिवसांआड, ओढ लागली की आठवड्याने. आले की गल्लीत एकच हाकाटी, ‘पानी उनं का?’ तासभर धावपळ. मग व्हॉल्व्हमन येऊन व्हॉल्व्ह बंद करतो आणि आपण समजतो की पाणी थांबले. ते थांबत नाही. वाहिनीत उरलेले पाणी उताराने खालच्या भागाकडे निघते आणि तिथे जी तोटी उघडी असेल तिच्यातून बाहेर पडते. पाणी खाली गेले की वरच्या भागातल्या पाइपांत पोकळी होते. पोकळी रिकामी राहू शकत नाही. सांध्यातल्या फटीतून, गंजलेल्या भोकातून, उघड्या तोटीतून, तोटीला लावलेल्या नळीतून, जे हाताशी असेल ते ती ओढून घेते. बाहेरच्या हवेचा दाब सुमारे दहा मीटर पाण्याचा स्तंभ पेलू शकतो. दुमजली घराच्या वरच्या मजल्यावरची बादली रिकामी करायला तो पुरून उरतो.

हे नुसते सांगून पटत नाही, म्हणून थोडे सामान आणले आहे. छापील व्याख्यानात ते दिसणार नाही, तेव्हा वर्णन करतो. गवंडी लोक पातळी काढायला वापरतात ती पारदर्शक नळी. तिला मध्ये एक टी जोडली आहे. वरचे टोक कॅनला. हा कॅन खुर्चीवर उभ्या राहिलेल्या या मुलाने डोक्याएवढा उंच धरला आहे, ती आपली महापालिका. टीचा एक फाटा या टेबलावरच्या बादलीत, पाण्यात बुडवलेला. बादलीत नीळ कालवली आहे. दुसरा फाटा खाली जमिनीवर, त्याला कॉक. तो खालच्या गल्लीतला शेजारी. आता कॅनचा कॉक सोडला. स्वच्छ पाणी बादलीत येते आहे, नळी काठोकाठ भरली आहे. कॅन बंद. व्हॉल्व्हमन गेला. आता शेजाऱ्याने आपली तोटी उघडली. बघा, टेबलावरच्या फाट्यात निळी रेघ वर सरकते आहे, टीला वळसा घालून खाली उतरते आहे, आणि शेजाऱ्याच्या पेल्यात निळे पाणी. कुणी ढकलले नाही, कुणी मोटार लावली नाही. आता हीच नळी बादलीतल्या पाण्याच्या वर दोन बोटे धरून पुन्हा करू. कॅन बंद, खालचा कॉक उघडा. गुडगुड आवाज झाला, नळीतले उरलेले स्वच्छ पाणी खाली गेले, वरून हवा शिरली, संपले. निळा थेंबही नाही. दोन बोटे हवा, एवढाच फरक.

ही बादली म्हणजे खानदेशात काय? माझ्या मते पहिला नंबर कूलरचा. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो; कूलर ही चैन राहिलेली नाही. संध्याकाळी तो भरायचा असतो. हिरवी नळी तोटीला लावायची, दुसरे टोक कूलरच्या जाळीच्या फटीतून आत सोडायचे. ते वरच्या वर ठेवले तर सुटते, खोलीभर पाणी होते, म्हणून आपण ते आत ढकलतो, पार तळाला टेकेपर्यंत. मग तोटी सोडून दुसऱ्या कामाला लागतो. कूलरच्या तळाशी काय असते ते साफ करणाऱ्याला विचारा: कुजलेल्या गवताचा गाळ, शेवाळ, महिनाभराची धूळ, डासांच्या अळ्या. आता पाणी गेले. तोटी उघडीच आहे, कारण पाणी गेले म्हणजे नळ बंद झाला अशी आपली समजूत. टाकी अर्ध्याने उतरते. आपण म्हणतो, गरमी फार, पाणी उडून गेले. ते कुठे उडाले हे खालच्या गल्लीला कळते, तेही त्यांना दिसले तर. नळ महापालिकेचा नसून गच्चीवरच्या टाकीचा असेल तरी सुटका नाही. टाकी संपली आणि खालच्या मजल्यावर कुणी तोटी उघडली की हाच खेळ घरातल्या घरात होतो.

दुसरा नंबर खड्ड्यातल्या नळाचा. दाब कमी म्हणून पाणी जोत्यापर्यंत चढत नाही. मग दारात खड्डा खणायचा, पाइप तिथेच कापायचा आणि खड्ड्यात बसून भांडी भरायची. पाणी आले की सगळे तोंडाशीच हवे, म्हणून तोटीही काढून टाकलेली. पाणी नसताना त्या खड्ड्यात धुणे-भांड्याचे सांडपाणी साचते, पावसाचे साचते, पोरेटोरे काय करतील ते साचते. उघडा पाइप त्यात बुडालेला. पोकळी झाली की तो खड्डा पिऊन टाकतो, आणि पुढच्या वेळी पहिल्या धारेत शेजाऱ्यांना परत देतो.

हे मागासलेपणाचे लक्षण आहे असे वाटत असेल तर अमेरिकेतल्या वूस्टरचे ऐका. १९६९ मध्ये तिथल्या होली क्रॉस कॉलेजच्या फुटबॉल संघातल्या ९७ पैकी ९० जणांना कावीळ झाली. खेळाडूंची आणि प्रशिक्षकांची अख्खी फळी आडवी झाली; दोन सामन्यांनंतर हंगाम सोडावा लागला. शोध घेतला तेव्हा निघाले ते असे: मैदानावर पाणी मारण्याचे नळ जमिनीत पुरलेल्या पेट्यांमध्ये होते आणि पेट्यांत पाणी साचे. जवळच राहणाऱ्या, कावीळ झालेल्या मुलांचा तिथे वावर होता. गावात आग लागली, अग्निशामक दलाने वाहिनीतून पाणी ओढले, दाब पडला आणि पेटीतले पाणी खेळाडूंच्या पिण्याच्या नळात गेले. चोवीस तास भरलेल्या वाहिनीत, एका आगीमुळे, एकदा दाब पडला. आपल्याकडे तो ठरवून, वेळापत्रक लावून पाडला जातो.

मोटारीबद्दल बोललेच पाहिजे, कारण इथे बसलेल्या काहींच्या घरी ती असणार. टिल्लू पंप थेट नळाला लावायचा. महापालिकेची पथके मोटारी जप्त करतात, पेपरात फोटो येतो, आठवड्याने नवी मोटार येते. याला विरोध करताना आपण म्हणतो की मोटार लावणारा शेजाऱ्याच्या वाट्याचे पाणी चोरतो. खरे आहे, पण अर्धे. नळात दाब असेल तर मोटार फक्त जास्त पाणी घेते. दाब नसेल तेव्हा ती पोकळी करते, आणि तीही आपल्या पाइपापुरती नाही, सगळ्या गल्लीच्या वाहिनीत. आता ही वाहिनी जाते कुठून? नियमपुस्तक सांगते की पाण्याची वाहिनी सांडपाण्याच्या वाहिनीपासून तीन मीटर लांब हवी. कॅप्टन ब्रिग्ज यांनी १८१९ च्या सुमारास आखलेल्या धुळ्यात निदान गल्ल्या सरळ आणि क्रमांकाने ओळखता येतील अशा तरी आहेत. जुन्या पेठांत कित्येक बोळ मुळात तीन मीटरचे नाहीत. तिथे घराघराचे पाइप गटार ओलांडून, कधी गटारीतूनच, आडवे जातात. गटारीतल्या पाइपाला सुईएवढे भोक असेल तर दाब असताना त्यातून स्वच्छ पाणी बाहेर गळते. त्याने नुकसान होते, आजार होत नाही. मोटारीने खेच लागली की त्याच भोकातून गटार आत येते. पाणी चोरणाऱ्याने शेजाऱ्याचे पाणी नासवले, आणि आधी स्वतःचे; कारण सगळ्यात जवळचे तोंड त्याचेच.

येथवर खेचीचे झाले. उलट्या प्रवाहाचा दुसरा प्रकार ढकलीचा आहे आणि तो बोअरिंगवाल्या घरांत होतो. अंगणात बोअर, त्याला चांगली ताकदीची मोटार. दारात महापालिकेचा नळ. प्लंबरला सांगितले जाते, दोन्ही लाइनी एकात घे, वेगळी टाकी नको, वेगळा पाइप नको. तो मध्ये एक कॉक बसवून देतो. आज बोअर तर कॉक असा, उद्या नळ तर कॉक तसा. घरातल्या एका माणसाला हे ठाऊक असते आणि तो बाहेरगावी जातो. कॉक उघडा राहून बोअर सुरू झाली तर तिचा दाब महापालिकेच्या रिकाम्या वाहिनीपेक्षा कितीतरी जास्त. बोअरचे पाणी गल्लीच्या लाइनीत ढकलले जाते. ज्या बोअरपासून शौचालयाचा शोषखड्डा चार पावलांवर आहे तिचे पाणी शेजाऱ्याच्या माठात गेलेले कुणाला चालेल? १९३३ मध्ये शिकागोला जागतिक प्रदर्शन भरले असताना दोन बड्या हॉटेलांत पिण्याच्या आणि मैल्याच्या पाइपांची अशीच नको ती सोयरीक झालेली होती. आमांशाचे सुमारे १४०० रुग्ण आणि ९८ मृत्यू, देशभर पांगलेल्या पाहुण्यांत.

हे सगळे ऐकून शेतकरी मित्र हसत असतील, कारण त्यांना यातले काहीच नवीन नाही. जळगाव जिल्ह्याने देशाला ठिबक शिकवले. रावेर-यावलच्या केळीबागेत व्हेंच्युरी कशी चालते? पाइपाचा गळा आवळला, पाण्याचा वेग वाढला, तिथला दाब पडला आणि बाजूच्या ड्रममधले विरघळलेले खत बारीक नळीतून आपोआप लाइनीत ओढले गेले. खत ओढायला आपण मुद्दाम पैसे देऊन जे यंत्र बसवतो, तेच यंत्र घराच्या नळात आपण फुकटात, नकळत, बसवून ठेवले आहे. आणि ठिबकवाल्याला हेही माहीत असते की मोटार बंद पडल्यावर खताचे पाणी विहिरीत उलटू नये म्हणून खताच्या टाकीअलीकडे नॉन रिटर्न व्हॉल्व्ह लागतो. विहिरीला जी काळजी, ती गावाच्या पाण्याला नाही. उलट कपाशीच्या फवारणीच्या दिवसांत काय दिसते? दोनशे लिटरचा ड्रम, त्यात औषध आधी ओतलेले, आणि नळाची नळी ड्रमच्या तळाला, फेस होऊ नये म्हणून. तेवढ्यात वीज गेली की? आधी पाणी, मग औषध, आणि नळी ड्रमच्या काठाच्या वर बांधलेली, हा क्रम कृषी सहायकांनी शेताच्या बांधावर सांगायला हवा.

कुणी म्हणेल, क्लोरीन आहे ना? आहे. ग्राहकाच्या नळाला लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम शिल्लक क्लोरीन हवा. पण तो मोजून टाकलेला असतो. गटारीचे पाणी शिरले की तिथल्या घाणीशी झगडण्यातच संपून जातो. खेड्यात ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक बाटलीतल्या पाण्यात औषधाचे थेंब टाकून ओटी टेस्ट करतो, पाणी पिवळे पडले की क्लोरीन आहे असे समजतो. शहरातल्या शिकल्यासवरलेल्या माणसाने ही बाटली कधी पाहिलेली नसते. पाणी आल्यावर पहिल्या पाच मिनिटांत आणि अर्ध्या तासाने, अशी दोनदा ही चाचणी आपल्याच नळावर करून पाहा. पहिल्या धारेची बाटली पांढरी आणि नंतरची पिवळी निघाली, तर मधल्या पाइपात काय शिरले होते याचा अंदाज येईल. आपल्या आया-आज्या पहिले पाणी अंगणात सोडत, वापरायला घेत, पिण्याचे नंतर भरत. अर्धा-पाऊण तासाच्या पाण्यात आता तेवढा धीर कुणाला राहिला आहे? पहिली धारच मोटारीने टाकीत जाते.

आजार पटकन सापडत नाहीत याचेही कारण आहे. जुलाब दोन दिवसांत होतात, पण दूषित पाण्यातून येणारी हिपॅटायटिस ई ही कावीळ दोन ते दहा आठवड्यांनी उमटते. तोवर तो खड्डा, तो कूलर, ती मोटार कुणाच्या लक्षात राहणार? शेवटच्या तीन महिन्यांतल्या गरोदर बाईला ही कावीळ झाली तर शंभरांत वीस-पंचवीस दगावतात. डॉक्टर विचारतात, बाहेर काही खाल्ले का. भेळवाला बदनाम होतो.

यात महापालिकेचा दोष नाही असे मी म्हणत नाही. पाणी येऊन-जाऊन असणे हाच मूळ रोग आहे, आणि मी आयुष्यभर ज्या खात्याच्या भाषेत बोललो तिथे त्याला ‘काटकसर’ म्हणतात. वाहिनीत सतत दाब असेल तर फट असली तरी पाणी बाहेर गळते, घाण आत येत नाही. हुबळी-धारवाडमध्ये शहराचा काही भाग चोवीस तास पाण्यावर नेला, बाकी जुन्याच पद्धतीवर राहिला. बर्कलेच्या संशोधकांनी दोन्ही भागांतल्या नळांचे पाणी तपासून २०१३ मध्ये निष्कर्ष छापले. जिथे पाणी मधूनमधून येते तिथल्या ३१.७ टक्के नमुन्यांत विष्ठेशी नाते सांगणारे ई. कोलाय जंतू होते. चोवीस तासांच्या भागात ०.७ टक्के. शुद्ध करून सोडलेल्या पाण्याची ही गत. आपल्याकडे मलकापूरने, म्हणजे आपल्या रेल्वेवरचे बुलढाण्याचे नव्हे, कराडजवळचे, २००९ च्या सुमारास चोवीस तास पाणी करून दाखवले, मीटर लावून. तेव्हा चोवीस तास पाणी ही मागणी चैनीची आहे असे कुणी म्हणाले तर त्याला हे आकडे दाखवा. मीटरला विरोध करणाऱ्या नगरसेवकालाही दाखवा.

ते होईपर्यंत घरात काय करायचे? पाणी जिथे सुटते ते तोंड आणि जिथे साठते तो काठ, यांत हवेचे अंतर. पाइपाच्या व्यासाच्या दुप्पट, आणि कमीत कमी पंचवीस मिलिमीटर. अर्ध्या इंची नळाला एक इंच. दोन बोटे धरली की झाले. गच्चीवरच्या टाकीत बॉल कॉक ओव्हरफ्लोच्या पाइपाच्या वर हवा. रात्री पाणी पडल्याचा आवाज होतो म्हणून बॉल कॉकला तुकडा जोडून तो तळापर्यंत नेणारे प्लंबर मी पाहिले आहेत. तो तुकडा काढा. जमिनीतल्या हौदाचे झाकण फरशीच्या वर उचललेले हवे. संडासातला जेट स्प्रे बादलीत सोडून ठेवू नका. वापर झाला की मागचा कॉक बंद, स्प्रे हुकावर. बोअर आणि नळ यांचे पाइप कॉक टाकूनही एक करू नका. दोघांना टाकीत वेगवेगळे, वरून, पडू द्या.

नॉन रिटर्न व्हॉल्व्हचे मी मुद्दाम शेवटी ठेवले. दुकानदार पहिल्यांदा तेच काढून देतो, आणि नळजोडणीवर तो असावाच. पण तो हलणारा भाग आहे. वाळूचा एक कण झडपेखाली अडकला की ती मिटत नाही. आपल्या बोअरचे पाणी जड. झडपेवर क्षारांचा थर चढतो आणि दोन वर्षांत ती आहे तिथेच चिकटते, उघडी तर उघडी. बसवला आणि विसरलो, असा व्हॉल्व्ह असून नसल्यासारखा. वर्षातून एकदा, कूलर काढायच्या आधी, प्लंबरकडून तो खोलून धुऊन घ्या. हवेच्या अंतराला झडप नाही, ते चिकटत नाही, त्याची गॅरंटी संपत नाही.

संयोजकांनी आधीच एक प्रश्न लिहून दिला आहे: ‘आमच्याकडे आरओ आहे, तर काळजी कशाला?’ आरओ पिण्याचे पाणी गाळतो. भाजी, भांडी, दात घासायचे, आंघोळीत लहान मुलाच्या तोंडात जाणारे पाणी नळाचेच असते. आणि घरी गेल्यावर सिंकखाली वाकून बघा. आरओतून वाया जाणाऱ्या पाण्याची बारीक नळी बहुतेक घरांत थेट सांडपाण्याच्या पाइपात खुपसून चिकटवलेली असते. पाइप तुंबला की मोरीचे पाणी त्या नळीच्या तोंडापर्यंत येते आणि पाणी शुद्ध करण्याच्या यंत्राचे एक टोक गटारीत बुडते. ती नळी उपसून बाहेर काढा आणि सिंकच्या काठाच्या वर बांधा, पाणी वरून पडताना दिसेल अशी.